खोली कीं खानावळ? : व्यापारी संगणकाच्या बिऱ्हाडाचा इतिहास



नोकरीनिमित्त परगांवीं गेलेल्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाडाचा. एखादी खोली भाड्यानें घ्यावी, तींत आपली चूल मांडावी, आपलीं भांडीं लावावीं आणि आपल्या हातानें रांधून जेवावें, हा एक मार्ग. खानावळींत जावें, पुढें येईल तें पान जेवावें, त्याचे पैसे द्यावे आणि हात धुऊन बाहेर पडावें, हा दुसरा मार्ग. पहिल्यांत कष्ट अधिक आणि आरंभींचा खर्चहि अधिक. दुसऱ्यांत कष्ट नाहींत. पण महिनाअखेर हिशेब पाहिला म्हणजे पुष्कळांना धक्का बसतो.

आज ज्या विषयासंबंधीं मी दोन शब्द बोलणार आहें, तो ऐकावयास फार यांत्रिक वाटला तरी मुळांत याच जातीचा आहे. व्यापाऱ्याचे हिशेब, गिऱ्हाइकांच्या मागण्या, मालाचा साठा, नोकरांचे पगार हें सर्व काम आतां संगणकावर चालतें. एकाच वेळीं अनेकांची कामें उरकणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, हें आपणांस ठाऊक आहे. हा सर्व्हर ठेवावयाचा कोठें? स्वतःच्या कचेरींत ठेवला तर वीज, गारवा, पहारा यांची चिंता स्वतःलाच वाहावी लागते. म्हणून व्यापारी बाहेर पाहूं लागतो आणि त्याला दोन दारें दिसतात. एका दारावर ‘कोलोकेशन’ अशी पाटी आहे. तेथें यंत्र आपलें. जागा, वीज, गारवा, राखण आणि बाहेरच्या जगाशीं जोडणाऱ्या तारा मात्र जागेच्या मालकाच्या. ही झाली खोली. दुसऱ्या दारावर ‘क्लाउड’ अशी पाटी आहे. तेथें यंत्रहि परक्याचेंच. आपण त्याच्या कामाचे तास आणि साठवणीचें माप यांप्रमाणें पैसे मोजावयाचे. ही झाली खानावळ.

या दोहोंपैकीं कोणतें दार ठोठवावें, यावर गेल्या कांहीं वर्षांत बराच वाद झाला आहे. वाद घालणारांची अशी समजूत दिसते कीं, हा प्रश्न आपल्याच पिढीपुढें प्रथम आला. वस्तुतः तो सव्वाशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे आजचा निर्णय बराच सोपा होतो.

इतिहासाचा आरंभ १८९० सालीं होतो. त्या वर्षीं अमेरिकेंत खानेसुमारी झाली. हर्मन हॉलेरिथ या अभियंत्यानें, कार्डांस पाडलेलीं भोंकें वाचून मोजदाद करणारीं यंत्रें त्या कामासाठीं सरकारला दिलीं. दिलीं म्हणजे विकलीं नाहींत, भाड्यानें दिलीं. हॉलेरिथची कंपनी पुढें इतर कंपन्यांत मिळून जी संस्था झाली, तीच आयबीएम होय. तिनें भाड्याची ही रीत कसोशीनें पाळली. व्यापारी दरमहा भाडें भरीत. यंत्राची मालकी कंपनीकडेच राही. एवढ्यावरहि तें थांबत नसे. यंत्रांत घालावयाचीं कार्डेंसुद्धां कंपनीचींच घेतलीं पाहिजेत अशी अट असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३६ सालीं ही अट बेकायदा ठरविली, आणि १९५६ सालच्या तडजोडीच्या हुकुमान्वयें कंपनीला आपलीं यंत्रें विकावयासहि काढणें भाग पडलें. परक्याचें यंत्र भाड्यानें वापरणाऱ्यास कोणत्या अडचणी येतात त्या येथें प्रथमच स्पष्ट दिसल्या. यंत्राचें भाडें डोळ्यांना दिसतें. यंत्राबरोबर येणाऱ्या अटी पुष्कळ वेळां मागाहून कळतात.

खानावळीची दुसरी तऱ्हा इंग्लंडांत निघाली. लायन्स नांवाची कंपनी तेथें चहाचीं दुकानें आणि बेकऱ्या चालवीत असे. रोज किती पाव भाजले, किती खपले, नफा किती राहिला याच्या हिशेबानें तिचे चालक इतके त्रस्त झाले कीं, त्यांनीं ‘लिओ’ नांवाचा संगणक स्वतःच बांधविला. १९५१ सालच्या नोव्हेंबरांत त्यावर बेकरीच्या हिशेबाचें काम सुरू झालें. व्यापारी कामासाठीं नेमानें चालविलेला हा जगांतला पहिला संगणक मानतात. परंतु पाव-बिस्किटांच्या हिशेबानें त्याचे सगळे तास भरेनात. तेव्हां लायन्सनें उरलेले तास दुसऱ्यांना देण्यास आरंभ केला, आणि फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडांतील कामगारांचे पगार लिओवर होऊं लागले. ज्याच्या घरीं मोठी चूल आहे त्यानें शेजाऱ्यांना पंगतीस बसवावें आणि त्यांच्याकडून पानाचे पैसे घ्यावे, असाच हा प्रकार होता. यालाच पुढें ‘ब्यूरो’ हें नांव पडलें.

आपल्या मुंबईंतहि हा ब्यूरो आला. टाटा उद्योगसमूहानें १९६८ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू केली. आज ही कंपनी जगभर कार्यक्रमलेखनासाठीं प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या आरंभींच्या कामांत टिस्को या पोलादाच्या कंपनीसाठीं कार्डांवर माहिती चढविण्याचें काम होतें. पुढें सेंट्रल बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील परस्परांचे हिशेब जुळविण्याचें कामहि तिनें हातीं घेतलें. संगणक ही त्या काळीं देशांत हातांच्या बोटांवर मोजण्यासारखी वस्तु होती. तेव्हां ती प्रत्येकानें घरीं आणण्यापेक्षां एकानें आणावी आणि अनेकांनीं वापरावी, हेंच शहाणपणाचें होतें.

याच सुमारास विद्वानांच्या मनांत एक मोठें स्वप्न आकार घेत होतें. जॉन मॅकार्थी या गणितज्ञानें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाच्या शताब्दिसमारंभांत, १९६१ सालीं, असा विचार मांडला कीं, टेलिफोन जसा सार्वजनिक सेवा झाला तशीच गणनशक्तीहि एके दिवशीं सार्वजनिक सेवा होऊं शकेल; ज्याला जेवढी लागेल त्यानें तेवढी घ्यावी आणि तेवढ्याचेच पैसे द्यावे. त्याच वर्षीं त्या संस्थेंत एका संगणकाचा वेळ अनेकांत वांटून देण्याचा प्रयोगहि झाला, आणि दशकाच्या मध्यास जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्या टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचा वेळ विकूं लागल्या. या सर्वांच्या पाठीशीं एक व्यावहारिक नियम होता. हर्बर्ट ग्रोश यानें असें दाखविलें होतें कीं, संगणकाची किंमत दुप्पट केली तर त्याची शक्ति चौपट होते. म्हणजे मोठें यंत्र नेहमींच स्वस्त पडणार, आणि छोट्या यंत्रांना भवितव्य नाहीं.

हा नियम कालांतरानें मोडला. १९६५ सालीं डिजिटल कंपनीचा पीडीपी-८ हा छोटा संगणक सुमारें १८,००० डॉलरांस मिळूं लागला. १९७१ सालीं इंटेलनें सबंध गणनयंत्र एका सिलिकॉनच्या चकतींत बसविलें. १९८१ सालीं आयबीएमचाच घरगुती संगणक बाजारांत आला. आतां स्वस्त यंत्र म्हणजे मोठें यंत्र हें समीकरण राहिलें नाहीं. ज्याला त्याला आपली चूल परवडूं लागली, आणि पंगती ओस पडल्या. ब्यूरोंचा आणि वांटून घेतलेल्या वेळेचा धंदा पुढील कांहीं वर्षांत जवळजवळ मावळला.

याच कालखंडांत भारतांत जी एक घटना घडली, ती आजच्या आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. आयबीएमचीं यंत्रें आपल्याकडेहि भाड्यानेंच मिळत. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वयें परदेशी कंपन्यांनीं येथील शाखेंतील आपली मालकी कमी करावी असा आग्रह सरकारनें धरला. आयबीएमला तो मान्य झाला नाहीं, आणि १९७८ सालीं कंपनीनें देशांतून आपलें बस्तान हलविलें. कचेऱ्यांतून उभीं असलेलीं तिचीं यंत्रें आतां कोण राखणार? सीएमसी या सरकारी संस्थेनें तें काम पुढें चालविलें म्हणून अनर्थ टळला. या प्रकरणांत सरकार बरोबर होतें कीं कंपनी, हा वाद आज बाजूस ठेवूं. आपणांस बोध घ्यावयाचा तो इतकाच कीं, भाड्याच्या यंत्राचा मालक एक दिवस निघून जाऊं शकतो, आणि त्याच्या जाण्याच्या कारणांशीं भाडेकऱ्याचा कांहीं संबंध असतोच असें नाहीं.

आतां खोलीचा, म्हणजे कोलोकेशनचा जन्म पाहूं. न्यूयॉर्क शहरांत ६० हडसन स्ट्रीट या पत्त्यावर वेस्टर्न युनियन या तारखात्याच्या कंपनीनें १९३० च्या सुमारास एक प्रचंड इमारत उभारली. तारांचीं भुयारें तिच्यापर्यंत आधींच पोंचलेलीं होतीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील टेलिफोनची मक्तेदारी मोडली, अनेक कंपन्या उदयास आल्या, आणि परस्परांच्या तारा जोडण्यासाठीं त्यांना एकत्र येण्याची जागा हवी झाली. तारायंत्राचा काळ संपल्यावर ही जुनी इमारत त्या उपयोगास आली. पुढें १९९० नंतर इंटरनेट व्यापाराला खुलें झालें. त्या वेळीं अमेरिकेच्या पूर्वभागांतील इंटरनेटचें एक मुख्य नाकें व्हर्जिनियांतील एका इमारतीच्या मोटारी ठेवण्याच्या तळघरांत होतें, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. पण तें खरें आहे. १९९६ सालीं डिजिटल कंपनीनें पालो आल्टो येथें सर्वांना सारखी वागणूक देणारें असें एक नाकें काढलें, आणि त्या कामांत तयार झालेल्या दोघां माणसांनीं १९९८ सालीं इक्विनिक्स ही कंपनी स्थापिली. समता, निष्पक्षता आणि इंटरनेटची देवघेव या तीन इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांतून तें नांव बनलें आहे. जागेच्या मालकानें भाडेकऱ्यांत आपपरभाव करूं नये, हें या धंद्याचें मूळ सूत्र त्यांत आलें आहे.

ही खोली आंतून कशी असते? लोखंडी कपाटांच्या रांगा असतात. बहुधा एका कपाटांत ४२ खण, प्रत्येक खण पावणेदोन इंच उंचीचा. सबंध कपाट घ्यावें, अर्धें घ्यावें किंवा जाळीनें वेढलेला स्वतंत्र पिंजरा घेऊन त्याला आपलें कुलूप लावावें. भाडें जागेचें दिसतें. पण खरी किंमत असते ती विजेची आणि त्या विजेनें उत्पन्न होणारी उष्णता बाहेर काढण्याची. वीज गेली तर क्षणभर बॅटऱ्या काम देतात आणि तेवढ्यांत डिझेलचीं यंत्रें सुरू होतात. आपल्या कपाटापासून दुसऱ्या कंपनीच्या कपाटापर्यंत तार ओढावयाची असेल तर तिचें भाडें निराळें. यंत्र बिघडलें तर सुटा भाग आपणच आणावयाचा. फार तर पैसे घेऊन तेथील माणूस तो बसवून देतो. हे सारे कष्ट ज्याला झेपतात त्यालाच खोली मानवते. शिवाय खोलीचा मालकहि बुडूं शकतो. एक्झोडस ही या धंद्यांतील बडी कंपनी २००१ च्या सप्टेंबरांत दिवाळ्यांत निघाली, तेव्हां हें सर्वांच्या प्रत्ययास आलें. तथापि खोलींतल्या भाडेकऱ्याचें एक बरें असतें. यंत्र त्याचें स्वतःचें असल्यामुळें तें उचलून तो दुसरीकडे नेऊं शकतो.

मॅकार्थीचें स्वप्न मेलें असें वाटत असतांनाच तें पुन्हां जागें झालें. अॅमेझॉन या, मुळांत पुस्तकें विकणाऱ्या, कंपनीनें २००६ सालच्या मार्चमध्यें साठवणीची आणि ऑगस्टमध्यें गणनशक्तीची जागा कोणासहि विकत देण्यास आरंभ केला. साठवणीस दर गिगाबाइटला महिना १५ सेंट. एका यंत्राच्या एका तासाला १० सेंट. करार नाहीं, अनामत नाहीं, बंधन नाहीं.

या दहा सेंटांचा हिशेब आपण करूं, कारण सारा वाद त्यांतच सांठविलेला आहे. रोज एकच तास यंत्र लागत असेल तर वर्षाचे ३६ डॉलर ५० सेंट होतात. एवढ्या पैशांत स्वतःचें यंत्र कोठून येणार? परंतु तेंच यंत्र दिवसरात्र, बाराहि महिने चालू ठेवलें तर वर्षाचे ८७६ डॉलर होतात, आणि एक सर्व्हर साधारणतः चार-पांच वर्षें काम देतो. म्हणजे दर एकच, यंत्र एकच. एकाला तें जवळजवळ फुकट पडतें आणि दुसऱ्याला त्यांत स्वतःच्या यंत्राचा विचार करावासा वाटतो. खानावळ स्वस्त कीं महाग, हें ताटाच्या दरावरून कळत नाहीं. आपण महिन्यांतून किती वेळां जेवतों यावरून कळतें.

दुसरीहि एक गोष्ट आहे. २००८ च्या एप्रिलांत अॅनिमोटो नांवाच्या एका लहान कंपनीकडे गिऱ्हाइकांचा असा लोंढा आला कीं, तीन दिवसांत तिला ५० सर्व्हरांच्या जागीं ३,५०० सर्व्हर लागले. आणि लोंढा ओसरल्यावर गरज पुन्हां उतरली. जगांतील कोणतीहि खोली तीन दिवसांत एवढीं यंत्रें बसवून देणार नाहीं, आणि दिलीं तरी लोंढा ओसरल्यावर त्यांचें काय करावयाचें? हें उदाहरण बर्कले विद्यापीठांतील संशोधकांनीं २००९ सालच्या आपल्या निबंधांत दिलें आहे. त्यांनींच असेंहि नमूद केलें कीं, त्या काळच्या केंद्रांतून सर्व्हरांच्या शक्तीपैकीं अवघी ५ ते २० टक्के शक्ति वापरली जात असे. गर्दीच्या दिवसाच्या भीतीनें लोक वर्षभर रिकामीं यंत्रें पोसत होते. क्लाउडच्या दरांत जी वाढीव रक्कम असते ती या भीतीचा मोबदला आहे. उद्यां किती पानें मांडावीं लागतील हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें ती रक्कम आनंदानें द्यावी. ज्याला तें पक्कें ठाऊक आहे, त्यानें ती कां द्यावी?

पुढील काळांतल्या घडामोडींनीं हाच न्याय ठरविला. ड्रॉपबॉक्स ही कंपनी लोकांच्या फायली सांभाळण्याचा धंदा करते. तिनें आरंभ अॅमेझॉनच्या साठवणींतच केला. परंतु फायली सांभाळण्याचें काम फार स्थिर असतें. आज ठेवलेली फाईल उद्यांहि तेथेंच असते. कंपनी मोठी झाल्यावर तिनें बहुतेक सर्व साठा भाड्यानें घेतलेल्या जागेंतील स्वतःच्या यंत्रांवर हलविला, आणि २०१८ सालीं भागविक्रीच्या वेळीं जाहीर केलेल्या हिशेबांतून, या बदलानें दोन वर्षांत सुमारें ७ कोटी ४६ लक्ष डॉलर वांचल्याचें दिसलें. ३७सिग्नल्स या लहानशा कंपनीनें २०२२ सालीं तोच मार्ग धरला. त्या वर्षींचें तिचें क्लाउडचें बिल सुमारें ३२ लक्ष डॉलर होतें; तिनें सुमारें ७ लक्ष डॉलरांचीं यंत्रें घेतलीं, आणि दोन वर्षांनीं बिल सुमारें १३ लक्षांवर आल्याचें तिच्या चालकांनीं सांगितलें. मात्र हें ऐकून कोणी घाई करूं नये. त्या कंपनीकडे कपाटांची जागा आणि तीं यंत्रें राखणारी जाणती माणसें आधींपासूनच होतीं. जिच्या घरीं रांधणारें कोणीच नाहीं तिनें खानावळ सोडण्यापूर्वीं त्या पगाराचाहि हिशेब केला पाहिजे.

सर्वांत शिकण्यासारखें उदाहरण नेटफ्लिक्सचें. २००८ च्या ऑगस्टांत तिच्या स्वतःच्या यंत्रांवरील माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस गिऱ्हाइकांना चित्रपटांच्या तबकड्या धाडतां आल्या नाहींत. तेव्हां तिनें क्लाउडचा रस्ता धरला आणि २०१६ च्या जानेवारींत तें स्थलांतर पूर्ण केलें. क्लाउडचे कैवारी ही कथा नेहमीं सांगतात. परंतु तिचा उत्तरार्ध असा कीं, चित्रपट प्रत्यक्ष घरोघर पोंचविण्याचें जें अवजड आणि रोजचें काम, त्यासाठीं या कंपनीनें २०१२ च्या सुमारास स्वतःचीं यंत्रें तयार करविलीं आणि तीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या जागेंत ठेवलीं. एकाच घरानें सणासुदीला खानावळ आणि रोजच्या जेवणाला आपली चूल ठेवली.

आतां संकटांचा विचार करूं. कारण पैशांइतकाच तोहि महत्त्वाचा आहे. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी हें वादळ न्यूयॉर्कवर आलें. ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीच्या तळघरांत पाणी शिरलें आणि वरच्या विद्युत्‌यंत्रांना डिझेल चढविणारे पंप बंद पडले. तेव्हां जागेच्या मालकाचे आणि भाडेकरू कंपन्यांचे नोकर बादल्या हातांत घेऊन, सतरा मजले पायऱ्या चढून, डिझेल वर नेत राहिले आणि आपलीं यंत्रें त्यांनीं चालूं ठेवलीं. खोलींत राहण्याचे कष्ट आणि खोलींत राहण्याचा अधिकार, दोन्ही या एका प्रसंगांत दिसतात. उलट, २०१७ च्या फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशीं अॅमेझॉनच्या व्हर्जिनियांतील केंद्रांत एका आज्ञेंत चूक झाली, योजिल्याहून अधिक सर्व्हर बंद पडले, आणि कांहीं तास असंख्य व्यवसायांचे व्यवहार खोळंबले. त्या व्यवसायांच्या चालकांना वाट पाहण्यापलीकडे कांहींहि करतां येईना. त्यांच्या हातीं बादलीसुद्धां नव्हती. हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तेथें दुरुस्तीसाठीं झटणारे तज्ज्ञ कोणाहि लहान व्यापाऱ्यास पदरीं ठेवतां आले नसते.

२०२४ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रेलियांत घडलेला प्रकार याहून गंभीर होता. युनिसुपर ही तेथील निवृत्तिवेतनाची संस्था. लाखों लोकांची आयुष्याची पुंजी तिच्याकडे ठेवलेली. गूगलच्या क्लाउडमध्यें झालेल्या एका चुकीच्या मांडणीमुळें तिच्या तेथील खाजगी क्लाउडची वर्गणीच पुसली गेली.  संस्थेला सांवरण्यास मोठी मदत झाली ती यामुळें कीं, तिनें एक प्रत दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवली होती. सभासदांचीं खातीं पूर्ववत् व्हावयास आठवड्याहून अधिक काळ लागला. पण तीं झालीं. ज्यानें ती प्रत ठेवण्याचा हट्ट धरला असेल, त्याचे उपकार त्या लाखों लोकांवर आहेत.

हा इतिहास परदेशांतला म्हणून आपण दूर सारूं नये. पहिली समुद्री तार मुंबईस १८७० सालीं येऊन पोंचली. आजच्या कांचतंतूंच्या तारांपैकींहि अनेक तारा मुंबईच्याच किनाऱ्याला लागतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें केलें. तारा येथें, बँका येथें आणि शेअरबाजार येथें, यामुळें ऐरोली-महापे भागांत, जेथें पूर्वीं रसायनांचे कारखाने होते, तेथें आतां संगणकांच्या कोठ्या उभ्या आहेत. शेअरबाजाराच्या दलालांना तर खोलीवांचून गत्यंतर नाहीं. कांचतंतूंतून प्रकाशाला एक किलोमीटर जावयास सेकंदाचे सुमारें पांच दशलक्षांश भाग लागतात. तेवढ्या विलंबानेंहि ज्याचा सौदा हुकतो, त्याला आपलें यंत्र बाजाराच्याच इमारतींत ठेवावें लागतें. क्लाउडहि येथें आला. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यास आणि मुंबईस, अॅमेझॉननें २०१६ सालीं आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईस आपापलीं केंद्रें उघडलीं. २०१८ च्या एप्रिलांत रिझर्व्ह बँकेनें पैशांच्या देवघेवीची माहिती देशांतच ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हां या कोठ्यांचें महत्त्व आणखी वाढलें. गंमत अशी कीं, क्लाउडवाल्या बड्या कंपन्याहि पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्यानें बांधलेल्या केंद्रांत जागा भाड्यानेंच घेतात. खानावळवालाहि शेवटीं कोणाच्या तरी चाळींत भाडेकरू असतो.

मग एखाद्या मध्यम व्यापाऱ्यानें काय करावें? या सव्वाशें वर्षांवरून मला तीन प्रश्न सुचतात. ते त्यानें स्वतःस विचारावे. पहिला प्रश्न : माझें काम स्थिर आहे कीं भरती-ओहोटीचें? स्थिर कामाला स्वतःचें यंत्र आणि भाड्याची खोली. चढउताराच्या, नव्या, अजमावून पाहावयाच्या कामाला क्लाउड. पुष्कळांच्या घरीं दोन्ही जातींचें काम असतें. त्यांनीं दोन्ही ठेवावें. दुसरा प्रश्न : यंत्र मध्यरात्रीं बंद पडलें तर उठून जाणारें माणूस माझ्याकडे आहे काय? नसेल तर खोलीचा मोह धरूं नये. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच विचारावयाचा बहुधा राहून जातो : मला येथून निघावयाचें झालें तर कसें निघेन?

कार्डांची अट घालणाऱ्या कंपनीपासून हा तिसरा प्रश्न आपला पिच्छा पुरवीत आला आहे. क्लाउडमध्यें माहिती आंत नेण्यास बहुधा कांहीं पडत नाहीं. बाहेर काढण्यास मात्र मापानें पैसे पडतात. शिवाय त्या त्या कंपनीच्या खास सोयींवर एकदां काम बेतलें कीं, तें दुसरीकडे जसेंच्या तसें चालत नाहीं. सगळें पुन्हां लिहावें लागतें. युरोपांतील राष्ट्रांनीं यावर २०२३ सालीं कायदा केला. तो २०२५ च्या सप्टेंबरापासून लागू झाला असून, पुरवठादार बदलण्याबद्दलची आकारणी २०२७ च्या जानेवारीपासून अजिबात बंद व्हावी असें त्यांत ठरलें आहे. कायम सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांकडून असे पैसे न घेण्याचें तिन्ही बड्या कंपन्यांनीं २०२४ सालींच जाहीर केलें. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण कायदा दार उघडें ठेवील, सामान बांधण्याची तयारी ज्याची त्यानेंच ठेवावयाची आहे.

आपल्याकडे व्यापारी दिवाळींत वहीपूजन करतो. दुकान भाड्याचें असेल, माल उधारीचा असेल. पण वही त्याची स्वतःची असते, आणि आग लागली तर तो प्रथम वही उचलतो. संगणकाच्या युगांत वहीचें रूप पालटलें, तिचें स्थान पालटलें, आणि ती कोठें आहे हेंहि पुष्कळांना नीट ठाऊक नसतें. खोली घ्या किंवा खानावळ लावा. पण वर्षांतून एकदां, वहीपूजनाच्याच दिवशीं म्हणा ना, आपल्या माणसास सांगून त्या वहीची सबंध प्रत मागवा, ती दुसऱ्याच ठिकाणच्या दुसऱ्याच यंत्रावर उघडून दाखवावयास लावा, आणि गेल्या वर्षींची एखादी नोंद आपल्या डोळ्यांनीं वाचून पाहा. ती वाचतां आली तर आपलें बिऱ्हाड कोठेंहि असो, चिंतेचें कारण नाहीं. ती वाचतां आली नाहीं, तर दुसऱ्याच दिवशीं कामाला लागा.